लेकीच्या रक्तात शिसं निघालंय, आणि फूड पँट्रीत जायची लाज वाटते

पत्र:
ताई, नमस्कार. आम्ही शिकागोत डेव्हन अव्हेन्यूच्या जवळ एका जुन्या टू-फ्लॅटच्या (दोन मजली, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड असं घर) वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. नणंदेने स्पॉन्सर केलं, ग्रीनकार्डवर येऊन अडीच वर्षं होत आली. मिस्टरांचा वेअरहाऊसमधला जॉब गेला, आता डिलिव्हरी करतात, कधी पैसे येतात कधी नाही. मुलगी बावीस महिन्यांची आहे, इथेच झाली. तिच्या बोटातून रक्त घेतलं त्यात लेड ६ आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन सी असलेलं खायला द्या, पोट रिकामं ठेवू नका, आणि फूड पँट्रीची, म्हणजे गरजूंना फुकट किराणा मिळतो त्या ठिकाणांची, यादी हातात दिली. तो कागद घेताना मला रडूच आलं. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. तिथे आमच्या खाण्यासारखं काय मिळणार? उद्या सिटिझनशिपला हे आडवं येईल का? सासूबाई सांगलीहून रोज फोनवर सांगतात काजळ घाल, घुटी दे, दूध भरपूर पाज. आणि मुख्य म्हणजे नुसत्या खाण्याने शिसं जातं का हो?
– एक आई

उत्तर:

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर नीट कळलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. नाही, नुसत्या खाण्याने शिसं जात नाही. जे रक्तात आणि हाडांत गेलंय ते पालक खाऊन धुवून निघत नाही, कुठलाही काढा त्याला बाहेर काढत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे डिटॉक्सचे ज्यूस फिरतात त्यावर तर एक डॉलर पण घालवू नकोस. खाण्याचं काम वेगळं आहे. उद्या परवा जे शिसं तिच्या पोटात जाणार आहे त्यातलं कमीत कमी आत शोषलं जावं, एवढंच ते काम. पण हे एवढंच फार मोठं आहे बरं का, कारण मोठा माणूस गिळलेल्या शिशातलं साधारण दहा टक्के शोषतो आणि एवढ्या लहान मुलांत ते चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातं.

असं का होतं तर शरीराला शिसं ओळखताच येत नाही. आतड्यात लोह आत घ्यायची जी वाट आहे त्याच वाटेने शिसं पण घुसतं, आणि कॅल्शियमची जागा पण ते बळकावतं, म्हणून तर हाडात जाऊन वर्षानुवर्षं बसतं. मुलाच्या अंगात लोह कमी असेल तर शरीर ती वाट आणखी सताड उघडतं, लोह मिळेल या आशेने, आणि आत येतं शिसं. म्हणून लोह आणि कॅल्शियम भरपूर हवं. रिकाम्या पोटाचं तर विचारूच नको, मोठ्या माणसांवर प्रयोग झालेत त्यात उपाशीपोटी घेतलेलं शिसं अर्ध्याहून जास्त शोषलं गेलं आणि तेच जेवणासोबत घेतलं तर काही टक्क्यांवर आलं. डॉक्टरीणबाई पोट रिकामं ठेवू नका म्हणाल्या ते यासाठी.

आता तो ६ आकडा. घाबरू नकोस पण सोडून पण देऊ नकोस. इथे सरकारची, म्हणजे आता सीडीसी या आरोग्यसंस्थेची, काळजीची रेषा २०२१ पासून ३.५ आहे (मायक्रोग्रॅम, दर डेसिलीटर रक्तात), त्याआधी ५ होती, १९९१ मध्ये १० होती, आणि १९७० मध्ये चक्क ४०. म्हणजे मुलं बदलली नाहीत, कळत गेलं तशी रेषा खाली आली, आणि आज सगळे एकच सांगतात की सुरक्षित असा आकडाच नाही. रक्तातून शिसं ओढून काढायचं औषध असतं पण ते साधारण ४५ च्या वर गेल्यावर, सहाला नाही, त्यामुळे डॉक्टरने गोळी दिली नाही म्हणून दुर्लक्ष केलं असं समजू नकोस. पण एक गोष्ट आधी कर. बोटातून घेतलेल्या रक्तात बोटावरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून शिरेतून रक्त घेऊन परत तपासायला लागतं. त्याची अपॉइंटमेंट घेतली नसशील तर उद्याच फोन कर.

आता येतंय कुठून ते बघ, कारण नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. तुझं जुनं टू-फ्लॅट वाचल्यावर माझं पहिलं बोट खिडक्यांकडे जातं. अमेरिकेत घराच्या रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरात आतल्या थरांत तो रंग असायची शक्यता खूप, आणि जुन्या लाकडी खिडक्या वर-खाली करताना रंगावर रंग घासून अगदी बारीक धूळ पडते, पोपडे दिसलेच पाहिजेत असं काही नाही. पोरगी खिडकीला धरून उभी राहते, बाहेरचे ट्रक बघते, मग हात तोंडात. झालं. तर खिडकीच्या खोबणी आणि फरशी ओल्या फडक्याने पूस, कोरडा झाडू मारू नकोस त्याने धूळ फक्त हवेत उडते, तिचा पलंग खिडकीपासून लांब सरकव, आणि प्रत्येक खाण्याआधी साबणाने हात. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय आहे ती इथे सोन्यासारखी, बाहेरची माती आत येत नाही. स्वतः पोपडे खरवडायला अजिबात जाऊ नकोस, मिस्टरांना पण जाऊ देऊ नकोस. १९७८ च्या आधीचं घर भाड्याने देताना शिशाबद्दल जे माहीत आहे ते सांगणं आणि सरकारी माहितीपत्रक देणं घरमालकाला कायद्याने भाग आहे. ते दिलं होतं का आठव, आणि शिकागोच्या पब्लिक हेल्थ डिपार्टमेंटला मुलीचा रिपोर्ट सांगून घर तपासायचं काय ते विचार.

दुसरं पाणी. मिशिगन लेकचं पाणी चांगलं आहे, प्रश्न रस्त्यापासून घरापर्यंतच्या पाइपचा. शिकागोत १९८६ पर्यंत शिशाचे पाइप घालणं हाच नियम होता, आणि आजही असे साधारण चार लाख पाइप जमिनीखाली आहेत, देशात सगळ्यात जास्त. ३११ ला, म्हणजे शहराच्या मदतीच्या नंबरला, फोन करून पाणी तपासायचं किट फुकट मागव. तोपर्यंत सकाळी नळ थोडा वेळ सोडून मगच पाणी भर, स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी कधीच नको, आणि फिल्टर घेतलास तर शिसं काढतो असं सर्टिफिकेट असलेला घे, एनएसएफ ५३ असं लिहिलेलं असतं. पाणी उकळून शिसं जात नाही हे लक्षात ठेव, उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. आपल्याकडे उकळलं की पाणी शुद्ध असं डोक्यात इतकं पक्कं बसलंय की हे दहा वेळा सांगावं लागतं.

आणि तिसरं, जरा नाजूक, आपलंच सामान. काजळ बंद कर. गावाकडून आलेलं असो की दुकानातलं, इथल्या एफडीएने (अन्न-औषधांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) डोळ्यात घालायच्या काजळ-सुरम्याला शिशापायीच परवानगी दिलेली नाही. घुटी पण थांबव, विशेषतः त्यात कुठलं भस्म किंवा तयार पूड असेल तर, कारण बॉस्टनच्या दुकानांतली आयुर्वेदिक औषधं २००४ मध्ये तपासली तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. कुंकवाच्या डब्या पण वर ठेव, न्यू जर्सीतल्या आणि मुंबई-दिल्लीतल्या दुकानांतून घेतलेला सिंदूर तपासला तर बहुतेक नमुन्यांत शिसं सापडलं. हळद? तू सांगलीची, तुला हळदीबद्दल मी काय सांगणार. पण रंग उठावदार दिसावा म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळायचा धंदा बांगलादेशात सर्रास होता, २०१९ नंतर तिथल्या सरकारने धाडी घालून तो जवळजवळ मोडून काढला, आपल्याकडे बिहारच्या बाजूला पण असे नमुने मिळालेत. मी सांगलीच्या हळदीला नावं ठेवत नाहीये, एवढंच म्हणतेय की सुटी, फारच झळझळीत पिवळी, कुठून आली ते माहीत नसलेली पूड असेल तर बाजूला ठेव. आणि घरून आणलेली हिंदालियमची कढई किंवा कल्हईचं पितळेचं पातेलं असेल तर त्यात तिच्यासाठी आंबट काही शिजवू नकोस, स्टीलचं नाहीतर लोखंडाचं वापर. सासूबाईंशी यावर वाद घालत बसू नकोस, डॉक्टरने बंद करायला सांगितलंय म्हण, डॉक्टरचं नाव घेतलं की अर्धी भांडणं मिटतात. आणि त्यांना काहीतरी द्यायचंच आहे ना, तर नाचणी आणि हळीव पाठवायला सांग, खुश होतील आणि ते खरंच उपयोगी आहे.

आता पँट्री. तुला लाज वाटते ते मला कळतं, आपल्या घरात कुणासमोर हात पसरायचा नाही हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण अक्कलकोटला गेलीस तर अन्नछत्राच्या पंगतीत बसतेस ना? तिथे कुणी विचारतं का की तुझ्या घरी चूल पेटली का? मी इथे एका पँट्रीत शनिवारी पिशव्या भरायला जाते. रांगेत नर्सचे युनिफॉर्म घातलेल्या बायका असतात, उबर चालवणारे असतात, शाळेतले शिक्षक असतात, आणि हो, आपले देशी पण असतात, एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करतात. मला तर वाटतं नमस्कार करावा सरळ. बहुतेक ठिकाणी नाव, पत्ता, घरात माणसं किती एवढंच विचारतात, इमिग्रेशनचं कोणी विचारत नाही. ग्रेटर शिकागो फूड डिपॉझिटरी शहरभरच्या पँट्र्यांना माल पुरवते, त्यांच्या साइटवर पत्ता टाकलास की जवळच्या पँट्र्या आणि त्यांच्या वेळा दिसतात. जिथे स्वतः फिरून निवडता येतं अशी पँट्री शोध, दुकानासारखी. बांधलेला डबा मिळतो तिथे शाकाहारी घराला मटणाचे कॅन येतात आणि मग तुझा अर्धा डबा वाया.

आणि डॉक्टरने शिशासाठी पँट्रीचा कागद द्यावा यात विचित्र काही नाही. मिशिगनच्या फ्लिंटमध्ये २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी नदीवर वळवलं, पाइप गंजू नयेत म्हणून जे औषध घालायचं ते घातलं नाही, आणि पाइपातलं शिसं घराघरात गेलं. पुढच्या वर्षी तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्ताचे आकडेच समोर मांडले तेव्हा कुठे पाणी परत बदललं. मग तिथल्या फूड बँकेने ट्रक फिरवून नुसतं बाटलीचं पाणी नाही तर लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन सी बघून निवडलेलं खाणं वाटलं, आणि क्लिनिकमधून मुलांना फळं-भाज्यांचं प्रिस्क्रिप्शन मिळायला लागलं, कागद दाखवायचा आणि बाजारातून ताजं घ्यायचं. तुझ्या हातातला कागद त्यातलाच आहे असं समज.

काय उचलायचं ते सांगते. कॅनमधले चणे, राजमा, काळा घेवडा, मसूर, हे तर आपलंच जेवण आहे, फक्त वरचं खारट पाणी ओतून टाक आणि धुऊन घे. कॅनमध्येच शिसं नसेल ना अशी शंका येईल, तर शिशाने सांधलेल्या कॅनना इथे १९९५ पासून बंदी आहे. टोमॅटोचे कॅन घे, लिंबू-संत्री दिसली तर पहिली उचल, कारण डाळी-उसळीतलं लोह शरीर सहज घेत नाही, त्याला सोबत व्हिटॅमिन सी लागतं. म्हणजे राजम्यावर लिंबू पिळ, चण्याच्या उसळीत टोमॅटो घाल, झालं काम. सिरियलचे डबे असतात त्यावर लोह किती टक्के लिहिलंय ते बघ, रंगीबेरंगी साखरेच्या डब्यापेक्षा साध्या डब्यात ते बऱ्याचदा जास्त असतं. अंडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. पीनट बटर घे पण तिला पोळीवर पातळ लावून दे, चमच्याने गोळा देऊ नकोस, घशात अडकतो. फ्रीज न लागणारे दुधाचे खोके घे. फ्रोझन पालक घे, पण पालकाने कॅल्शियम भरून निघेल असं धरून चालू नकोस, त्यातलं कॅल्शियम अंगी फार लागत नाही. त्यासाठी दूध, दही, टोफू, आणि आपली नाचणी आणि तीळ. तिळाची चटणी भातावर कालवून दिलीस तर कुठल्याही परदेशी सुपरफूडच्या तोंडात मारेल. भाजी-आमटी लोखंडी कढईत केलीस तर थोडं लोह त्यातूनही उतरतं, टोमॅटो असेल तर जास्तच. गुळात लोह असतं म्हणून पोरांना गूळ चारतात ते मला फारसं पटत नाही, गोडच जास्त जातं.

दुधाचं मात्र नीट ऐक, कारण इथेच सासूबाईंचं आणि माझं जमणार नाही. दूध हवं, पण दिवसाला साधारण दोन कप, फार तर तीन, त्याच्या वर नाही. दिवसभर बाटली तोंडात असलेल्या मुलांचं पोट दुधानेच भरतं, जेवण जात नाही, लोह कमी पडतं, आणि लोह कमी पडलं की काय होतं ते वर सांगितलंच. आणि चहा-बिस्कीट बंद, अगदी बशीतला दोन घोट पण नको, चहा लोह अडवतो. लोहाचे ड्रॉप्स किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करायच्या नाहीत, आधी डॉक्टरला तिचं हिमोग्लोबिन आणि लोह बघायला सांग, आणि घरात तुझ्या स्वतःच्या लोहाच्या गोळ्या असतील तर त्या कुलपात, मुलांनी त्या जास्त खाल्ल्या तर जीवावर बेततं.

वेळा कशा ठेवायच्या? उठल्यावर लगेच काहीतरी, मग दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. सकाळी नाचणी सत्त्व दुधात, मधे संत्र्याच्या फोडी, दुपारी मऊ मसूर भात लिंबू पिळून, चारला अंडं नाहीतर दही, रात्री चण्याची उसळ पोळीत कुस्करून. खात नसेल तर नसेल, तेच परत तासाभराने दे. आणि खाणं खुर्चीत बसवून, जमिनीवर खिडकीपाशी फिरवत घास भरवायचा नाही, आपण सगळेच ते करतो पण या घरात नको.

पँट्रीच्या जोडीने विक (डब्ल्यूआयसी) ला, म्हणजे आया आणि लहान मुलांच्या खाण्यासाठीच्या सरकारी योजनेला, अर्ज कर. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मिळतं, तुमचं उत्पन्न आत्ता जे आहे त्यावर बहुधा बसाल. कार्डावर दूध, अंडी, डाळी-बीन्स किंवा पीनट बटर, लोहवालं सिरियल, फळं-भाज्या, म्हणजे नेमकं जे शिशासाठी हवं तेच. शिवाय तिथे हिमोग्लोबिन तपासतात, आणि आहारतज्ज्ञ बोलते तेव्हा तिला सरळ सांग आम्ही शाकाहारी. स्नॅपसाठी, म्हणजे किराण्याच्या सरकारी मदतीसाठी, तुम्हा दोघांना ग्रीनकार्डची पाच वर्षं थांबावं लागेल पण मुलगी जन्माने अमेरिकन आहे, तिच्या नावाने अर्ज करता येतो.

सिटिझनशिपची भीती, ती पब्लिक चार्जवरून, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर जगणारा ठरेल का त्या तपासणीवरून आलीय ना? ती तपासणी ग्रीनकार्ड किंवा व्हिसा मागताना असते. तुम्हाला ग्रीनकार्ड मिळालेलं आहे, नागरिकत्वाच्या अर्जात ती परीक्षा नसते. फक्त सलग १८० दिवसांच्या वर देशाबाहेर राहून परत येताना प्रश्न येऊ शकतो, तर सांगलीला लांबचा मुक्काम करायचा असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, नियम बदलायच्या गोष्टी सतत चालू असतात आणि शिकागोत मोफत सल्ला देणाऱ्या संस्था आहेत. पँट्रीतून चण्याचे कॅन आणलेस म्हणून मात्र कोणी काही करत नाही.

शिरेतल्या रक्ताचा आकडा ३.५ च्या वर आला तर साधारण तीन महिन्यांनी परत तपासतात, तारीख तेव्हाच घेऊन ठेव, त्यांचा फोन येईल म्हणून बसू नकोस. आणि त्याच वेळी डॉक्टरांना अर्ली इंटरव्हेन्शनबद्दल विचार. तीन वर्षांच्या आतल्या मुलांचं बोलणं, चालणं, समजणं कसं चाललंय ते फुकट तपासून देतात, मराठी बोलणारी मुलगी आहे हे आधी सांगायचं म्हणजे इंग्रजी शब्द येत नाहीत म्हणून मागे आहे असं कोणी लिहून ठेवणार नाही, दुभाषा मागायचा तुला हक्क आहे.